आयजेपीत निवड झाली, पण मॅनेजर सोडायला तयार नाहीत

निळीशाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची वेळ आज आली. नोकरी सोडण्यावर आणि नवी शोधण्यावर इथे पुष्कळ धागे आहेत. कंपनीतल्या कंपनीत बदल करताना वरिष्ठांशी बिनसलं तर काय करावं, यावर मात्र काही सापडलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी हिंजवडीतल्या एका आयटी सर्व्हिसेस कंपनीत ऑटोमेशन टेस्टिंग करते. साडेचार वर्षं झाली, सगळी एकाच क्लायंटच्या प्रोजेक्टवर. ऑफिस सांभाळून डेटा इंजिनिअरिंग शिकले. पायथन येत होतंच, एसक्यूएल पक्कं केलं, स्पार्कवर हात बसवला. मे महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या डेटा टीमची जागा आयजेपीवर (इंटर्नल जॉब पोस्टिंग, म्हणजे आतल्याच लोकांसाठी जाहीर होणाऱ्या जागा) आली. अर्ज करण्याआधी मी माझ्या मॅनेजरांना वन-ऑन-वनमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं आहे, कर अप्लाय, पुढचं पुढे बघू." इंटरव्ह्यू झाले, निवड झाली, पोर्टलवर 'सिलेक्टेड' दिसायला लागलं. तिथून सगळं बिघडलं.

आधी म्हणाले, रिप्लेसमेंट मिळू दे. मग म्हणाले, ऑक्टोबरचा रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) होऊ दे. आता त्यांनी रिसोर्स मॅनेजमेंटला (कोण कुठल्या प्रोजेक्टवर ते बघणाऱ्या विभागाला) कळवलंय की मी 'क्रिटिकल' आहे, डिसेंबरआधी सोडता येणार नाही. क्लायंट कॉलची निमंत्रणं मला येईनाशी झाली आहेत. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या टीम-बैठकीत) माझं बोलणं संपायच्या आत पुढच्याचं नाव घेतात. परवा सगळ्या टीमसमोर म्हणाले, "ज्यांना इथे राहायचंय त्यांच्यासाठी मी भांडणार." कोणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, आणि खरा त्रास त्याचाच होतोय. मी नवखी असताना क्लायंटच्या आर्किटेक्टने एका कॉलवर मला फाडून खाल्लं होतं. तेव्हा हेच मध्ये पडले आणि म्हणाले, "हा प्रश्न मला विचारा, ती माझ्या सांगण्यावरून करतेय." हे मी विसरू शकत नाही. त्यामुळे एचआरकडे तक्रार करायला हात धजत नाही. पण डिसेंबरपर्यंत नवी टीम थांबेल असंही वाटत नाही. शिवाय एप्रिल ते सप्टेंबरचं मिड-इयर रेटिंग याच मॅनेजरांच्या हातात आहे.

संबंध न तोडता यातून कसं निघायचं? ज्यांनी असा बदल केलाय किंवा ज्यांच्या टीममधून कोणी असं गेलंय, त्यांनी कृपया लिहा.

सरळरेघ

ताई, स्पष्ट लिहितो. बाहेरची ऑफर आणा आणि पेपर टाका. कंपनीला भावना कळत नाहीत, राजीनामा कळतो. राजीनाम्याचा मेल गेला की त्याच संध्याकाळी प्रोजेक्टमधून रिलीज देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साडेचार वर्षं एका प्रोजेक्टवर म्हणजे तुमचा पगारही बाजाराच्या मागे असणार.

डोंगरवाट

सरळरेघ यांच्याशी असहमत. मी गेली काही वर्षं डिलिव्हरी सांभाळतो, म्हणजे या गोष्टीत मी पलीकडच्या खुर्चीत बसतो. म्हणून तिथून काय दिसतं ते सांगतो. मॅनेजरचं समर्थन करायचं नाहीये, पण तो का अडवतोय हे कळलं की त्याच्यासमोर काय ठेवायचं ते कळतं.

निळीशाई, तुम्ही प्रोजेक्टवर बिलेबल आहात, म्हणजे तुमच्या कामाचे पैसे क्लायंट देतो. तुम्ही गेलात आणि जागा रिकामी राहिली, तर त्या महिन्याचं बिलिंग जातं. ते मॅनेजरच्या आकड्यांत दिसतं. बदली माणूस मिळाला तरी बऱ्याच क्लायंटना त्याचा इंटरव्ह्यू घ्यायचा असतो. पसंत पडला की केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम समजावून सोपवणं). केटीच्या काळात दोघं काम करतात आणि पैसे एकाचेच मिळतात, म्हणजे मार्जिन खाली. काही करारांमध्ये ठरावीक लोकांची नावं 'की रिसोर्स' म्हणून लिहिलेली असतात, आणि त्यांना हलवायला क्लायंटची लेखी संमती किंवा आधी दिलेली नोटीस लागते. तुमचं नाव त्यात आहे का, हे आधी शोधा. असेल तर मॅनेजर खरोखर अडकलेत. नसेल तर 'क्रिटिकल' हा शब्द त्यांनी स्वतः लावलाय.

आता गंमत नाही, गांभीर्याने सांगतो: "मला सोडा" ही मागणी मॅनेजरला नेहमी नुकसानीसारखी ऐकू येते. "माझ्या जागी अमुक, त्याला तयार करायला इतका वेळ, माझी शेवटची तारीख ही" असा कागद समोर आला की तो लगेच हिशेब करायला लागतो. हिशेबात शिरलेल्या माणसाशी बोलता येतं. हा कागद तुम्ही तयार करा, त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नका. कोणते मॉड्यूल फक्त तुम्हाला माहीत आहेत, रिग्रेशन सूट (बदलानंतर जुनं काही बिघडलं नाही ना ते तपासणाऱ्या टेस्ट) कोण चालवू शकतं, कुठल्या स्क्रिप्ट नाजूक आहेत, टीममधला कोण थोड्या मदतीने ते उचलेल. एका पानात बसवा.

आणि दोन तारखा द्या. एक तुम्हाला हवी ती, दुसरी तुम्ही ताणून मान्य करू शकाल ती. एकच तारीख दिली की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि सध्या ते 'नाही'च येईल.

काळीमाती

मी एचआरमध्ये आहे (निळीशाईंच्या कंपनीत नाही). डोंगरवाट यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात माझ्या बाजूची भर.

निळीशाई, तुमच्या कंपनीची आयजेपी पॉलिसी इंट्रानेटवरून उतरवून पूर्ण वाचा. सारांशावर जाऊ नका. त्यात साधारण या गोष्टी असतात: सध्याच्या रोलमध्ये किमान किती काळ झाला पाहिजे, शेवटचं रेटिंग काय हवं, निवड झाल्यावर किती दिवसांत सोडायचं, आणि मॅनेजरने मुदत वाढवून मागितली तर ती कोण मंजूर करणार. हा शेवटचा मुद्दा बहुतेक लोक वाचत नाहीत. अनेक कंपन्यांमध्ये ठरलेल्या मुदतीपलीकडे थांबवायचं असेल तर मॅनेजरच्या एकट्याच्या शब्दावर होत नाही, त्याच्या वरच्याची किंवा बिझनेस एचआरची मंजुरी लागते. 'क्रिटिकल' म्हणून कळवलंय म्हणता, पण ती मुदतवाढ रीतसर मंजूर झाली आहे का? तोंडी असेल तर ती अजून झालेलीच नाही असं समजा.

दुसरं, रेटिंग. हा मुद्दा तुम्ही स्वतःच काढलात ते बरं केलंत. वर्षाच्या मध्ये टीम बदलली की मार्चअखेर तुमचं मूल्यमापन नवा मॅनेजर करतो आणि त्याला तुमचे पहिले सहा महिने दिसलेलेच नसतात. बेल कर्व्हमध्ये (ठरावीक लोकांनाच वरचं रेटिंग द्यायच्या पद्धतीत) बसवायची वेळ आली की नव्याने आलेलं माणूस पहिलं खाली सरकतं. म्हणून निघण्याआधी जुन्या मॅनेजरकडून त्या काळाचं लेखी मूल्यमापन सिस्टिममध्ये टाकून घ्यायचं. बहुतेक पोर्टलवर त्यासाठी सोय असते. नसेल तर मेलवर घ्या. रिलीजची तारीख आणि हे मूल्यमापन, दोन्ही एकाच बैठकीत मागा. नंतर वेगळं मागायला गेलात तर रुसवा आणखी वाढलेला असेल.

एचआरकडे जाणं म्हणजे तक्रार करणं, असं मनात धरू नका. "पॉलिसीप्रमाणे माझ्या केसमध्ये रिलीजची तारीख काय?" एवढा प्रश्न विचारणं ही चौकशी आहे. त्यात कोणाविरुद्ध काही नाही. पण आधी मॅनेजरना मेल, मग त्यांना सांगून एचआरला. पाठीमागून गेलेलं त्यांना कळतंच, आणि ते जास्त लागतं.

एक राहिलं. नवी टीम त्याच कंपनीच्या पे-रोलवर आहे ना? तुम्ही 'आमच्याच ग्रुपमधल्या' असं लिहिलंय म्हणून विचारते.

निळीशाई

डोंगरवाट, काळीमाती, तुम्हा दोघांचे आभार. पॉलिसी उतरवली. निवडीनंतर ४५ दिवसांत सोडायचं असं लिहिलंय, आणि मुदतवाढ फक्त युनिट हेड देऊ शकतात. अशी मुदतवाढ मागितल्याची पोर्टलवर काहीच नोंद नाही. 'की रिसोर्स'च्या यादीत माझं नाव नाही, हे आमच्या पीएमओतल्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसमधल्या) मैत्रिणीकडून कळलं.

काळीमाती, तुमचा प्रश्न वाचून पाहिलं तर डेटा टीम ग्रुपच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर आहे. ऑफिस त्याच कॅम्पसमध्ये, आयडी कार्डाचा रंगही तोच, त्यामुळे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. याने काय फरक पडतो?

काळीमाती

खूप फरक पडतो. विशेषतः तुम्हाला, कारण तुमची साडेचार वर्षं झाली आहेत.

ग्रॅच्युइटीला १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची सलग सेवा लागायची, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नियमित कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षंच ठेवली आहेत. रक्कम प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. आता ही दुसरी कंपनी कायद्याने वेगळी मालक आहे. तुमच्याकडून इथे राजीनामा घेऊन तिथे नवीन नेमणूक दिली, तर घड्याळ शून्यापासून सुरू होऊ शकतं आणि साडेचार वर्षांची ग्रॅच्युइटी हातची जाते. म्हणून राजीनाम्याच्या बटणाला हात लावू नका. 'बदली' किंवा 'ट्रान्सफर'चं पत्र मागा, आणि त्यात आधीची सेवा अखंड धरली जाईल, ती ग्रॅच्युइटी, रजा आणि ज्येष्ठतेसाठी मोजली जाईल, हे वाक्य स्पष्ट हवं. शिल्लक रजा पुढे नेणार की पैसे देणार, तेही त्यातच.

पीएफचं तितकं अवघड नाही. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, जुन्या खात्यातली रक्कम नव्यात ट्रान्सफर करून घ्यायची. काढायची मात्र नाही. पाच वर्षांच्या आत काढली तर करपात्र होते. ट्रान्सफर केलीत तर आधीची सेवा पाच वर्षांत मोजली जाते.

ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील असतील तर नव्या कंपनीच्या पॉलिसीत ते त्याच दिवसापासून येतात का, हेही विचारा. मध्ये एक दिवसाची फट राहिली आणि नेमकं तेव्हा काही झालं तर फार मनस्ताप होतो.

सरळरेघ

हे मला माहीत नव्हतं, चांगली माहिती. तरी माझा मुद्दा कायम आहे. मॅनेजरला वठणीवर आणायला बाहेरची ऑफर लागतेच.

डोंगरवाट

सरळरेघ, बाहेर जायचं मनात पक्कं असेल तर जरूर आणावी. पण धागाकर्तीला डेटा टीममध्ये जायचंय, कंपनी सोडायची नाहीये. अशा वेळी धाक म्हणून राजीनामा टाकला आणि समोरच्याने तो स्वीकारला तर? आमच्या क्षेत्रात ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे. म्हणजे तीन महिने इथेच, आणि आयजेपीची निवडही रद्द, कारण नोटीसवर असलेल्या माणसाला अंतर्गत जागा देत नाहीत. वर ग्रॅच्युइटीची पाच वर्षं तोंडावर आलेली.

यंत्रवेडा

राम राम. मी आयटीवाला नाही, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात आहे. मूळचा कोल्हापूरकडचा. मी मेंटेनन्समधून टूल डिझाइनला गेलो, तेव्हा आमच्या साहेबांशी हेच झालं होतं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे लाइन बंद पडली की प्रत्येक मिनिटाला वरून फोन येतो. माझ्याकडे सीएनसी सेक्शन होतं. साहेबांना भीती एकच, हा गेला आणि रात्रपाळीत मशीन अडकलं तर बोलवायचं कुणाला. ते तसं कधी बोलले नाहीत. बोलायचं ते असं की "तुला डिझाइनमध्ये काय येतंय?", "तिकडं नुसतं कॉम्प्युटरपुढं बसून पाठ दुखंल." मला राग यायचा. पण घरी आमचे वडील म्हणाले, त्यांचं बोलणं ऐकू नको, त्यांना रात्री झोप का लागत नाही ते बघ.

मी एक वही केली. प्रत्येक मशीनला दोन पानं. कुठलं मशीन कुठला अलार्म सारखं देतं, त्याचं खरं कारण काय, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय करावं लागतं. एका टर्निंग सेंटरचा चक (जॉब पकडून ठेवणारा भाग) उन्हाळ्यात दुपारी प्रेशर सोडायचा. सगळे सील बदलत बसायचे. त्याचं मूळ हायड्रॉलिक तेल तापण्यात होतं, कूलरच्या जाळीत बर (धातूचा बारीक कीस) अडकून हवा कमी जायची. जाळी साफ केली की काम व्हायचं. असलं सगळं वहीत घातलं. कुठला स्पेअर स्टोअरमध्ये कुठल्या रॅकला असतो आणि पुरवठादाराकडून यायला किती दिवस लागतात, तेही लिहिलं. मग दुसऱ्या पाळीतल्या एका पोराला बरोबर घेतलं. ब्रेकडाऊन आला की हात त्याचे, मी नुसता मागं उभा. साहेब राउंडला यायचे तेव्हा ते बघायचे.

वही घेऊन साहेबांच्या केबिनला गेलो. म्हणालो, साहेब, ही वही, आणि हा पोरगा आता एकटा करतोय, गेल्या आठवड्यातले ब्रेकडाऊन त्याच्या नावावर आहेत, रजिस्टर बघा. मला दिवाळीनंतरची तारीख द्या. त्यांनी वही चाळली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, दिवाळीच्या शटडाऊनचं काम करून जा. केलं आणि गेलो.

ताई, तुमच्या कामात वही कशी करायची ते तुम्हाला जास्त कळतं. पण साहेबांना भीती कशाची आहे, ते आधी शोधा.

निळीशाई

यंत्रवेडादादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या रिग्रेशन सूटमध्ये अशाच काही जागा आहेत ज्या फक्त मला माहीत आहेत. रात्री टेस्ट पडल्या तर त्यातल्या खऱ्या कुठल्या आणि एन्व्हायर्नमेंटमुळे (टेस्ट चालतात त्या यंत्रणेतल्या अडचणीमुळे) पडलेल्या कुठल्या, हे मी बघून सांगते. क्लायंट सकाळी तेच विचारतो. मॅनेजरांना भीती त्याचीच असणार. हे मी आजपासून लिहायला घेते.

चाफेकळी

निळीशाई, हे तुमच्याबाबत झालं नसेल, पण धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहिते. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर मी अंतर्गत जागेसाठी अर्ज केला, तेव्हा "आम्ही तुला इतकी रजा दिली, आता निदान वर्षभर तरी टीमसाठी थांब" असं मला ऐकवलं गेलं. मला क्षणभर ते पटलंही, इतकं आपल्या मनात ते उपकाराचं ओझं असतं.

मैत्रिणींनो, ती रजा टीमने दिलेली नसते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि त्या गैरहजेरीमुळे नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या दिशेने बदलायला कायद्याने मनाई आहे. आयजेपीच्या पात्रतेत रजेचा काळ वजा करून "तुझा रोलमधला कालावधी भरत नाही" असं कोणी सांगितलं तर लेखी मागा. मी लेखी मागितलं तेव्हा तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांसाठी एक वेगळा इशारा, कारण इथे अंतर्गत बदलाला व्हिसाची गाठ आहे.

एच-१बीवर असाल आणि नव्या रोलचं काम मूळ अर्जात लिहिलेल्या कामापेक्षा बरंच वेगळं असेल, किंवा कामाची जागा त्या महानगर क्षेत्राबाहेर जात असेल, तर कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागतो आणि तो बदलाच्या आधी. ग्रीन कार्डचं पर्म (कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायचं प्रमाणपत्र) झालं असेल तर ते त्या विशिष्ट नोकरीसाठी असतं. काम पुरतं बदललं तर पर्म पुन्हा करावं लागू शकतं. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर झालेलं असेल तर जुनी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) सहसा टिकते, हा मोठा दिलासा. त्यामुळे आयजेपीला अर्ज टाकण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना नव्या रोलचं वर्णन दाखवा. इथे मॅनेजर नाराज झाला की नुसतं रेटिंग जात नाही, घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून इथली बरीच मंडळी त्रास सोसत एकाच टीममध्ये वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांना कोणी भित्रं म्हणू नये.

इझारकाठ

म्युनिकहून थोडी भर. इथल्या कंपनीत बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती असेल, तर ती रिकाम्या जागा आधी आतल्या आत जाहीर करायला लावू शकते. २० पेक्षा जास्त मतदार कर्मचारी असलेल्या कंपनीत बदलीला तिची संमती लागते. त्यामुळे मॅनेजर एकटा फार काळ अडवू शकत नाही.

काळीमाती यांनी लेखी मूल्यमापनाचं सांगितलं, त्याला इथे 'त्स्विशेनत्सोयग्निस' नावाचं रीतसर प्रमाणपत्र आहे. नोकरी चालू असताना, वरिष्ठ बदलला की मागता येतं. जर्मनीत असाल तर टीम बदलताना ते घेतल्याशिवाय हलू नका. आधीचा मॅनेजर कंपनी सोडून गेला की तुमचं काम माहीत असलेलं कोणी उरत नाही.

निळीशाई

मेल लिहिलाय. इंग्रजीतच जाईल, आशय इथे देते. कुठे सूर चुकला असेल तर सांगा.

"तुम्ही मला गेली साडेचार वर्षं जे शिकवलंत, त्यामुळेच मी या रोलसाठी तयार झाले. मे महिन्यात आपलं बोलणं झालं होतं, त्यानुसार मी अर्ज केला आणि निवड झाली. पॉलिसीप्रमाणे ४५ दिवसांची मुदत १५ सप्टेंबरला संपते. ऑक्टोबरच्या रिलीजची तुमची काळजी मला समजते. म्हणून सोबत केटीचा आराखडा जोडला आहे. रिग्रेशनचं रोजचं विश्लेषण कसं करायचं याची नोंदवही त्यात आहे, आणि टीममधल्या एका सहकाऱ्याने पुढच्या आठवड्यापासून ते माझ्यासमोर करावं असं सुचवते. माझी पसंती १५ सप्टेंबरला आहे. तुम्हाला गरज असेल तर मी ३० सप्टेंबरपर्यंत थांबू शकते. यावर आणि माझ्या मिड-इयर मूल्यमापनावर बोलायला अर्धा तास द्याल का?"

डोंगरवाट

उत्तम. एकच बदल. "टीममधल्या एका सहकाऱ्याने" याऐवजी त्या सहकाऱ्याशी आधी बोलून त्याचं नाव टाका. मोघम राहिलं की मॅनेजर म्हणणार, वेळ कोणाकडे आहे? आणि मेल शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी, म्हणजे त्याच आठवड्यात बैठक होईल.

काळीमाती

सूर छान आहे. "तुम्ही शिकवलंत" हे वाक्य काढू नका, कारण ते खरं आहे. टीमसमोर ते बोलले त्याचा उल्लेख मेलमध्ये केला नाहीत हेही योग्य. ते भेटीत बोला, दोघंच असताना.

निळीशाई

अपडेट देते. मेल मंगळवारी पाठवला. दोन दिवस काहीच उत्तर नाही. गुरुवारी त्यांनी स्वतःच मीटिंग रूममध्ये बोलावलं.

सुरुवातीला ते कागदाबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, "तू मला सांगितलंस तेव्हा मला वाटलं नुसतं बघतेयस. निवड होईल आणि लगेच जाशील असं वाटलं नव्हतं." मग म्हणाले की याच तिमाहीत त्यांच्या टीममधले आणखी दोघं जाणार आहेत आणि वरून त्यांना विचारणा होतेय, लोक तुमच्याकडेच का टिकत नाहीत. हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की टीमसमोरचं ते वाक्य मला लागलं, आणि मी त्यांच्यामुळे जात नाहीये, हे मी युनिट हेडनाही सांगायला तयार आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. 'सॉरी' म्हणाले नाहीत, पण मग केटीचा आराखडा उघडला आणि ओळ न् ओळ वाचला. रिग्रेशनच्या नोंदीवर त्यांनी बरेच प्रश्न विचारले, पूर्वी विचारायचे तसेच.

३० सप्टेंबर ठरलं. त्यानंतर दोन आठवडे रोज एक तास मदत करावी असं त्यांनी मागितलं, मी हो म्हटलं. मिड-इयर मूल्यमापन निघण्याआधी सिस्टिममध्ये भरणार. क्लायंट कॉलला मात्र अजून बोलावत नाहीत. कदाचित आता बोलावणारही नाहीत, आणि ते मी स्वीकारलंय. एचआरने ट्रान्सफर पत्राचा मसुदा पाठवलाय, त्यात सेवा अखंड धरण्याचं वाक्य आहे, पण ग्रॅच्युइटीचा शब्द नाही. तो घालायला सांगितलंय.

यंत्रवेडा

लई बरं वाटलं वाचून. त्यांच्यावरही वरून दाब होता, बघा.

डोंगरवाट

अभिनंदन. तो रोजचा एक तास लेखी घ्या. शेवटची तारीख १४ ऑक्टोबर, आणि नव्या मॅनेजरनाही त्या मेलवर ठेवा. नाहीतर रिलीजच्या आठवड्यात एकाचे तीन तास होतात आणि नव्या टीममध्ये पहिल्याच महिन्यात तुमची ओढाताण सुरू होते. ३० तारखेआधी तुमचं अलोकेशन (कुठल्या प्रोजेक्टवर आहात ती नोंद) सिस्टिममध्ये खरंच बदललंय का, ते रोज पाहा. तोंडी ठरलं आणि सिस्टिममध्ये राहिलं, असं फार वेळा होतं.

निळीशाई

लेखी घेते. अलोकेशन अजून जुन्याच प्रोजेक्टवर दिसतंय. रिसोर्स मॅनेजमेंटला आजच मेल टाकते, मॅनेजरांना सीसी ठेवून. पत्र हातात आलं की इथे कळवेन.

काळीमाती

ग्रॅच्युइटीचा शब्द येईपर्यंत पत्र स्वीकारू नका. मसुदा बदलायला त्यांना एक दिवस पुरतो.